‘हा चुली’ म्हणणारी भाषा

‘ह्या चुली’ म्हणताना आपण क्षणभरही थांबत नाही. चुली अनेक, म्हणून ‘ही’ची ‘ह्या’ झाली. नायजेरियाच्या बाउची राज्यातली मिया भाषा मात्र इथे ‘हा चुली’ म्हणते. (मियात चूल पुल्लिंगी आहे.) नाम अनेकवचनी, त्यासोबतचं दर्शक सर्वनाम एकवचनी, आणि तिथे तेच शुद्ध!

रसेल शू या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाचं मियाचं व्याकरण १९९८ साली प्रसिद्ध झालं. त्यात या मागचा नियम सापडतो. मियात नामांचे दोन गट आहेत. सजीव गटात माणसं, बहुतेक पाळीव जनावरं, कोंबड्या आणि काही मोठे वन्य प्राणी येतात. बाकी सगळी नामं निर्जीव. काही मोठी रानटी जनावरंसुद्धा त्या दुसऱ्या गटात ढकलली गेली आहेत, तेव्हा हा सजीवपणा जीवशास्त्राचा नव्हे. सजीव नामांना अनेकवचन सक्तीचं, निर्जीवांना ऐच्छिक. आणि निर्जीव नाम अनेकवचनात घेतलं, तरी सोबतचा शब्द लिंगाप्रमाणे एकवचनीच राहतो.

आपण हसायचं कारण नाही. ‘पाच-पन्नास माणूस जमलं होतं’ आणि ‘बाबा आले’ ही वाक्यं आपलीच. आपण माणसांच्या गर्दीला एकवचनात बसवतो आणि एकट्या वडिलांना अनेकवचनात.

मियातली ती दर्शक सर्वनामं ऐकण्यासारखी आहेत: नाकन म्हणजे हा, ताकन म्हणजे ही, नीयकिन म्हणजे सजीवांसाठी हे किंवा ह्या. सुरुवातीचे वर्ण पाहा: न, त, न. पुरुष, स्त्री, अनेक. भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९६० साली दाखवलं की हा नमुना आफ्रो-आशियाई भाषाकुळात दूरवर पसरलेला आहे. मिया ज्या चाडिक शाखेतली, ती याच कुळातली. अरबी, हिब्रू आणि पिरॅमिडवाल्यांची प्राचीन इजिप्शियनही तिची लांबची नातलग. अरबीत स्त्रीलिंगाची खूण म्हणून येणारा ‘त’ तो हाच.

शाखेतली थोरली भाषा हौसा. बाउचीच्या बाजारात तिचीच चलती. तिच्यातही ‘चा, ची, चे’ या अर्थाने ना, ता, ना असेच शब्द आहेत. पण निर्जीव नामांसोबतच्या शब्दांना ती अनेकवचन नाकारत नाही. मिया माणूस बाजारात हौसा बोलताना भांड्यांना ‘ही सगळी’ म्हणतो, आणि घरी आपल्या भाषेत त्यांनाच पुन्हा एकवचनात आणतो.