रॉक कॉन्सर्टमधला इंटरव्हल आणि नॉनस्टॉप सेट

लांबलचक रॉक कॉन्सर्ट, म्हणजे अडीच-तीन तास किंवा त्याच्याही वर जाणारा, साधारण दोन पद्धतींनी वाजवला जातो. एक म्हणजे मधे वीस मिनिटं ते पाऊण तास इंटरव्हल घ्यायचा आणि कार्यक्रम दोन (क्वचित तीन) सेटमधे, म्हणजे सलग वाजवायच्या भागांत, करायचा, आणि दुसरी म्हणजे एकदा स्टेजवर चढलं की शेवटपर्यंत खाली उतरायचंच नाही. कुठली पद्धत बरी यावर फॅन लोकांची भांडणं कायम चालू असतात, कुणी म्हणतं ब्रेकमुळे चढलेला रंग उतरतो, कुणी म्हणतं तीन तास उभं राहून दाखव मग बोल. पण नीट बघितलं तर पूर्णपणे नॉनस्टॉप असा लांब शो जवळपास कुणीच करत नाही. ब्रेक सगळेच घेतात, काही जण लाईट लावून उघड घेतात आणि काही जण तो गाण्यांच्या आतच दडवतात.

सुरुवातीचा काळ

साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत हा प्रश्नच नव्हता कारण शो लांब नसायचेच. एका तिकिटात पाच-सहा कलाकार, प्रत्येकाला थोडा थोडा वेळ, असा मामला. बीटल्सनी १५ ऑगस्ट १९६५ ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममधे ५५ हजारांवर लोकांसमोर जो गाजलेला शो केला त्यात त्यांनी १२ गाणी वाजवली आणि अर्ध्या तासात विषय संपला. अर्ध्या तासाच्या शोमधे कसला इंटरव्हल.

इंटरव्हलला खरा अर्थ आला तो बॉब डिलनच्या १९६६ च्या दौऱ्यात. पहिला भाग डिलन एकटा, अकूस्टिक (विजेशिवाय वाजणारी) गिटार आणि माउथ ऑर्गन, लोक एकदम शांत बसून ऐकतायत, मग इंटरव्हल, आणि नंतर तोच माणूस इलेक्ट्रिक गिटार आणि अख्खा बँड घेऊन कानठळ्या बसवायला हजर. १७ मे १९६६ ला मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधे दुसऱ्या भागात प्रेक्षकातून कुणीतरी 'जुडास' म्हणून ओरडलं, म्हणजे अकूस्टिक सोडून इलेक्ट्रिककडे गेला म्हणून थेट गद्दारच म्हटलं, तो किस्सा रॉकप्रेमींना पाठ असतो (या शोचं चोरटं रेकॉर्डिंग कित्येक वर्षं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलचं म्हणून फिरत होतं हे अजून गंमतीचं). तर मुद्दा असा की त्या इंटरव्हलच्या अलीकडे एक डिलन होता आणि पलीकडे दुसरा, त्यामुळे तो ब्रेक चहापाण्यासाठी नव्हताच. आधी अकूस्टिक मग इलेक्ट्रिक ही रचना नंतर क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश आणि यंग यांनीही उचलली.

ग्रेटफुल डेडची दोन सेटची पद्धत

या विषयात सगळ्यात जास्त लिहावं असा बँड म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचा ग्रेटफुल डेड. १९६५ ते १९९५, म्हणजे गिटारवादक जेरी गार्सियाच्या मृत्यूपर्यंत, हे लोक वाजवत राहिले आणि दोन सेटचा शो ही गोष्ट त्यांनी जवळजवळ एक शास्त्र करून ठेवली. पहिला सेट साधारण तासाभराचा, सुटी सुटी आटोपशीर गाणी, हात मोकळे करणं, आवाज कसा येतोय बघणं, लोकांनाही जागा सापडून स्थिरावायला वेळ. मग अर्धा-पाऊण तास ब्रेक, आणि तो लांबतही असे कारण बँडला घड्याळाचं काही सोयरसुतक नव्हतं. दुसरा सेट मात्र वेगळाच प्राणी, एका गाण्यातून दुसऱ्यात घरंगळत जायचं, मधे थांबायचं नाही, वीस-पंचवीस मिनिटं एकच धून उलटीपालटी करून वाजवायची, फॅन लोक गाण्यांची यादी लिहिताना अशा दोन गाण्यांच्या मधे बाण काढतात.

आणि या नॉनस्टॉप वाटणाऱ्या दुसऱ्या सेटच्या पोटातसुद्धा एक ब्रेक दडवलेला असायचा. १९७८ च्या सुमारास पक्की झालेली सोय अशी की मधेच बाकीचे सगळे स्टेजवरून गायब होणार आणि बिल क्रॉइट्झमन आणि मिकी हार्ट हे दोन ड्रमर बराच वेळ नुसते ड्रम बडवणार, याचं नावच 'ड्रम्स', मग ड्रमर आत जाणार आणि गिटारवाले बाहेर येऊन कुठलाही ताल नसलेले विचित्र आवाज काढणार, त्याचं नाव 'स्पेस'. म्हणजे आळीपाळीने सगळ्यांना विश्रांती मिळाली आणि स्टेज एक मिनिटही रिकामं राहिलं नाही. काही लोक याला कलेची उंची मानतात, काही जण नेमके याच वेळी टॉयलेटला जातात, दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत.

डेडचे शो टेप करायला बँडची परवानगी होती आणि १९८४ पासून तर टेपवाल्यांसाठी वेगळी जागा आणि वेगळी तिकिटं असायची. नव्वद मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं, त्यामुळे या मंडळींना इंटरव्हल म्हणजे कॅसेट बदलायची, बॅटऱ्या तपासायची, शेजाऱ्याचा माईक कुठला आहे ते विचारायची हक्काची वेळ. जुने शो आज ऐकताना लोक अजूनही 'पहिला सेट जेमतेम, दुसरा भन्नाट' अशाच भाषेत बोलतात, अख्ख्या शोला एकत्र मार्क देणारे कमी. ३१ डिसेंबर १९७८ ला विंटरलँड हे सभागृह बंद होताना त्यांनी तीन सेट वाजवले आणि सकाळी प्रेक्षकांना नाश्ता दिला.

हीच पद्धत पुढे फिश या बँडने चालवली, रोजचे दोन सेट आणि थर्टी फर्स्टला तीन. हॅलोविनला तर मधल्या सेटमधे दुसऱ्याच कुठल्यातरी बँडचा अख्खा अल्बम वाजवायची चाल त्यांनी १९९४ पासून पाडली. पण याच फिशने ३१ डिसेंबर १९९९ च्या रात्री फ्लोरिडात बिग सायप्रस इथे मध्यरात्रीपासून सूर्य उगवेपर्यंत एकच सेट वाजवला, साधारण साडेसात तास. ज्यांचा अख्खा संसार इंटरव्हलवर उभा त्यांनीच नॉनस्टॉपची एवढी मोठी मजल मारून ठेवलीय.

भिंत आणि मध्यंतर

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडसाठी इंटरव्हल म्हणजे रेकॉर्डची बाजू पलटण्यासारखं होतं. १९७७ च्या दौऱ्यात पहिल्या भागात 'अ‍ॅनिमल्स' हा अल्बम पूर्ण आणि दुसऱ्या भागात 'विश यू वेअर हिअर' पूर्ण, असा सरळ हिशोब. पण कमाल केली ती १९८०-८१ च्या 'द वॉल' (म्हणजे भिंत) या एक सलग गोष्ट सांगणाऱ्या अल्बमच्या शोमधे. पहिला भाग चालू असताना कामगार स्टेजवर पुठ्ठ्याच्या विटा रचत जायचे, बँड हळूहळू दिसेनासा होत जायचा, शेवटच्या फटीतून बँडचा रॉजर वॉटर्स गायचा, ती फट बुजली की इंटरव्हल. लोक बाहेर जाऊन बिअर पिऊन परत येणार तर समोर अवाढव्य पांढरी भिंत, आणि दुसरा भाग सुरू व्हायचा तो भिंतीमागूनच, वाजवणारे दिसतच नाहीत. गोष्टीतला माणूस जगापासून तुटतो तो नेमका या जागी, म्हणून या शोमधून इंटरव्हल काढला तर गोष्टच मोडते. एवढा चपखल इंटरव्हल रॉकमधे दुसरा नसेल. सामान इतकं जड होतं की हा शो लॉस एंजेलिस, न्यूयॉर्कजवळचं युनियनडेल, लंडन आणि डॉर्टमुंड एवढ्या चारच ठिकाणी झाला.

न उतरणारे

दुसऱ्या बाजूला लेड झेपलिन हा ब्रिटिश बँड. सत्तरच्या दशकात यांचे शो तीन तासांपर्यंत जायचे आणि इंटरव्हल साधारणपणे नसायचा, पण जॉन बॉनमचा ड्रम सोलो कधी वीस तर कधी तीस मिनिटं, तेवढ्यात बाकीचे तिघं आत जाऊन निवांत, मग जिमी पेजचं व्हायोलिनच्या गजाने गिटार वाजवणं आणि तेव्हा गायक रिकामा, आणि मधेच सगळे खुर्च्यांवर बसून अकूस्टिक गाणी. बॉनम सोडून सगळ्यांना ब्रेक, असं म्हटलं तरी चालेल.

अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनची गोष्ट उलटी आहे. तरुणपणी, १९७८ च्या दौऱ्यात आणि नंतर १९८४-८५ च्या 'बॉर्न इन द यू.एस.ए.' दौऱ्यात त्याचे शो इंटरव्हल घेऊन दोन भागात व्हायचे. १९९९ ला त्याने आपला ई स्ट्रीट बँड पुन्हा जमवला तेव्हापासून इंटरव्हल गेला, आणि ३१ जुलै २०१२ ला हेलसिंकीत, वयाच्या ६२ व्या वर्षी, हा गडी ४ तास ६ मिनिटं वाजवत होता आणि तेही मुख्य शोच्या आधी एकट्याने थोडी गाणी गाऊन झाल्यावर. वय वाढलं की ब्रेक लागतो हा सगळ्यांचा अंदाज याने खोटा पाडला. बीटल्समधला पॉल मॅकार्टनीही पावणेतीन तास सलग गातो आणि स्टेजवर पाण्याचा घोटसुद्धा घेत नाही म्हणून प्रसिद्ध आहे.

एन्कोअर हाही दडवलेला ब्रेकच. बँड 'गुड नाईट' म्हणून आत जातो, लोक ओरडतात, दोन-चार मिनिटांत घाम पुसून, शर्ट बदलून परत. संगीत नाटकात वन्समोअर आला की तेच पद पुन्हा व्हायचं आणि तो खरोखर प्रेक्षकांच्या हातात असायचा, रॉकच्या एन्कोअरमधे राहिलेली हिट गाणी येतात आणि ती आधीपासून कागदावर लिहिलेली असतात. द क्युअर या बँडने तर एन्कोअरवर एन्कोअर रचून एप्रिल २०१३ मधे मेक्सिको सिटीत ५० गाणी, चार तासांवर शो केला, त्याला दोन सेट म्हणायचं, पाच म्हणायचं की एक, ज्याचं त्याने ठरवावं.

पैसा, घड्याळ आणि टॉयलेट

प्रेक्षकांना वाटतं बँडचा मूड, पण बऱ्याचदा निर्णय पलीकडून येतो. पहिली गोष्ट ओपनिंग बँडची. आधी कुणी दुसरा बँड वाजवणार असेल तर त्यांचं सामान हलवून मुख्य बँडचं लावायला अर्धा तास जातोच, म्हणजे एक इंटरव्हल तिथेच होऊन जातो, त्यानंतर मुख्य बँडने अजून एक घेतला तर लोक वैतागतील. म्हणून उघड इंटरव्हल बहुतेक वेळा तिथे दिसतो जिथे ओपनिंग बँडच नसतो. कॅनडाच्या रश बँडने १९९६ पासून ओपनिंग बँड घेणं बंद केलं आणि संपूर्ण संध्याकाळ स्वतःच दोन सेटमधे वाजवायला लागले, २०१५ च्या दौऱ्यात तर नव्या गाण्यांपासून जुन्याकडे उलटा प्रवास केला आणि इंटरव्हल बरोबर त्या प्रवासाच्या मधे.

हॉलवाल्यांना इंटरव्हल आवडतो कारण बिअर आणि टी-शर्ट तेव्हाच खपतात. पण शो संपवायची वेळ ठरलेली असते आणि ती ओलांडली की दंड किंवा कामगारांचा ओव्हरटाईम, मग अर्धा तास ब्रेक म्हणजे पाच-सहा गाणी गेली. लंडनच्या हाइड पार्कात १४ जुलै २०१२ ला साडेदहाची मुदत होऊन गेल्यावर स्प्रिंगस्टीन आणि मॅकार्टनी दोघं स्टेजवर असताना आयोजकांनी आवाज बंद करून टाकला, इतके मोठे दोघं पण घड्याळापुढे कुणाचं चालत नाही. टूल या बँडने अलीकडच्या दौऱ्यांत यावर छान उपाय काढला, इंटरव्हल १२ मिनिटांचा आणि स्क्रीनवर उलटं मोजणारं घड्याळ, त्यामुळे कुणी रेंगाळत नाही.

बसायच्या हॉलमधे इंटरव्हल सुखाचा असतो, खुर्ची आपलीच राहते. उभ्या गर्दीत मात्र तो तापच, कारण चार तास धक्के खाऊन पुढे मिळवलेली जागा सोडून जायची कोणाची हिंमत होत नाही आणि तसंच उभं राहून वाट बघावी लागते. शिवाय इंटरव्हलला सगळे एकदम टॉयलेटकडे धावतात, बायकांची रांग तर दुसरा सेट सुरू झाला तरी संपत नाही. नॉनस्टॉप शोमधे हीच गर्दी आपोआप वाटली जाते, आणि कधी जायचं ते लोकांना बरोबर कळतं, गायक 'आता आमच्या नव्या अल्बममधलं एक गाणं' म्हणाला की अर्धा स्टँड उठतो.

मुंबईत

मुंबईत दोन्ही प्रकार झालेले आहेत. रॉजर वॉटर्सचा फेब्रुवारी २००७ चा शो दोन भागांत, दुसऱ्या भागात 'द डार्क साइड ऑफ द मून' पूर्ण, हे त्या अख्ख्या दौऱ्याचंच स्वरूप होतं. आयर्न मेडनने १ फेब्रुवारी २००८ ला बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) आपल्या जागतिक दौऱ्याची सुरुवात केली ती सलग वाजवून, आणि यू२ ने डिसेंबर २०१९ मधे नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममधे 'द जोशुआ ट्री' हा अख्खा अल्बम मधोमध ठेवून, आधी-नंतर बाकीची गाणी, पण मधे ब्रेक नाही.

इथे खरा मालक म्हणजे रात्री दहाचा नियम. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनी उघड्यावरचे लाउडस्पीकर दहाला बंद होतात, वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं पण ते दिवस गणपती, नवरात्र यातच बरेचसे संपतात. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सवसुद्धा एके काळी रात्रभर चालायचा तो याच नियमामुळे आटोपता झाला. त्यामुळे मैदानावर मुख्य बँड साडेसात-आठला आला तर हातात दोन-अडीच तासच राहतात, आणि आयोजक काटछाट करायला बसला की पहिला बळी इंटरव्हलचा जातो. बंद सभागृहात ही अडचण कमी, पण मोठ्या रॉक बँडला पुरेल असं बंद सभागृह मुंबईत शोधावंच लागतं.