कंपनीचं दीर्घ मुदतीचं कर्ज: मर्यादा कशी काढायची, नोंद कुठे करायची

भांडुपच्या एका लहान कंपनीने मशिनरीचं कर्ज शेवटच्या हप्त्यासकट फेडलं. दोन वर्षांनी नव्या कर्जासाठी दुसऱ्या बँकेत गेले, तर अधिकाऱ्याने कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवरची नोंद दाखवली: जुना बोजा (तारणावरचा बँकेचा हक्क) तसाच उभा! फेड झाल्याचा फॉर्म कुणी भरलाच नव्हता. ती फाईल नंतर माझ्याकडे आली, तेव्हापासून मी प्रत्येकाला हे आधी सांगतो.

पहिला प्रश्न असतो, कर्ज किती घेता येईल? कंपनी कायदा २०१३च्या कलम १८० नुसार वसूल भागभांडवल, मुक्त राखीव निधी (लाभांश म्हणून वाटता येईल असा साठलेला नफा) आणि सिक्युरिटीज प्रीमियम (शेअरच्या दर्शनी किमतीवर मिळालेली जादा रक्कम) यांची बेरीज करा. समजा, ती ८ कोटी आली. आधीचं कर्ज साडेसहा कोटी आहे आणि आणखी ३ कोटी हवेत, म्हणजे एकूण साडेनऊ, या बेरजेपेक्षा जास्त. मग संचालक मंडळाची सही पुरत नाही, भागधारकांचा विशेष ठराव लागतो. त्यात विरोधी मतांच्या किमान तिप्पट मतं बाजूने हवीत आणि एकूण किती रकमेपर्यंत कर्ज घेता येईल तो आकडा लिहावाच लागतो. ठराव झाल्यावर ३० दिवसांत त्याच्या नोंदीचा एमजीटी-१४ फॉर्म भरायचा. रोजच्या व्यवहारासाठी बँकेकडून घेतलेली, मागताक्षणी किंवा सहा महिन्यांत फेडायची तात्पुरती कर्जं एकूण कर्जाच्या आकड्यात धरत नाहीत. यंत्र किंवा इमारतीसाठी घेतलेलं कर्ज मात्र मुदत कमी असली तरी धरावंच लागतं. वार्षिक विवरणं वेळेवर भरणाऱ्या प्रायव्हेट कंपनीला या कलमातून सूट आहे.

तारण दिलं की बोजा नोंदवण्याचा फॉर्म सीएचजी-१, तोही ३० दिवसांत. सोबत मंजुरीपत्र, कर्जकरार, तारणाचा दस्त आणि कंपनी व बँक दोघांच्या डिजिटल सह्या. उशीर झाला तर ६० दिवसांपर्यंत जादा शुल्क भरून जमतं, त्यानंतरच्या ६० दिवसांत शुल्क आणखी वाढतं. बोजा नोंदलेला नसेल तर कंपनी बुडाल्यावर लिक्विडेटर (मालमत्ता विकून देणी भागवणारा अधिकारी) तो मोजत नाही, म्हणून बँकाही या फॉर्मच्या मागे लागतात. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत बोजा उतरवण्याचा फॉर्म सीएचजी-४ भरा, बँकेचं 'बाकी नाही' पत्र जोडून. भांडुपच्या फाईलमध्ये नेमका हाच कागद राहिला होता. यासाठी मरीन ड्राइव्हच्या कंपनी निबंधक कार्यालयात खेटे घालावे लागत नाहीत, सगळं पोर्टलवर होतं.

ताळेबंदात सगळ्यात जास्त चुका होतात त्या मुदत कर्जाच्या विभागणीत. ३१ मार्चला ३ कोटी बाकी आहेत आणि पुढच्या बारा महिन्यांत ६० लाखांचे हप्ते आहेत, असं धरा. २ कोटी ४० लाख दीर्घ मुदतीच्या कर्जात दाखवायचे. उरलेले ६० लाख ताळेबंदाच्या नमुन्यातल्या २०२१च्या दुरुस्तीनंतर अल्प मुदतीच्या कर्जात जातात. अजूनही कित्येक जण ते 'इतर चालू देण्यां'त टाकतात. टिपांमध्ये तारण, परतफेडीच्या अटी आणि हप्ता थकला असल्यास किती व किती काळ, हे लिहायचं. कर्ज-भांडवल गुणोत्तर मागच्या वर्षापेक्षा २५ टक्क्यांहून जास्त बदललं, तर त्याचं कारणही द्यावं लागतं.

राहिला डीपीटी-३, म्हणजे ठेवी आणि घेतलेल्या कर्जांचं वार्षिक विवरण. ३१ मार्चची स्थिती ३० जूनपर्यंत कळवायची. त्यात बँकेचं कर्ज येतं, तसे संचालकाने घरचे पैसे घातले असतील तर तेही येतात. ते पैसे उसने घेतलेले नाहीत, असं संचालकाचं लेखी निवेदन पैसे घेतानाच फाईलला लावून ठेवा.