खारपाणपट्टा

पश्चिम विदर्भात पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या, भूजल खारे आणि काळी जमीन चोपण (मातीच्या कणांवर सोडियम चढल्याने बिघडलेली) असलेल्या सलग भागाला खारपाणपट्टा म्हणतात. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून त्याचे क्षेत्र सुमारे 4.7 लाख हेक्टर असून गावे नऊशेच्या आसपास आहेत. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, बाळापूर, शेगाव, संग्रामपूर हे त्यातले ओळखीचे तालुके. अकोट-तेल्हाऱ्याची वाटणी मात्र चमत्कारिक आहे. सातपुड्याच्या पायथ्याची गावे गोड्या पाण्यावर केळी-संत्री घेतात, आणि त्याच तालुक्यात नदीकडे उतरावे तसे विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही.

या फरकाचे कारण गाळात आहे. खोऱ्याच्या उत्तर कडेला गाविलगडचा प्रस्तरभंग (खडकांतली मोठी भेग) आहे. त्याच्या दक्षिणेचा भाग खचत गेला आणि त्या खोलगटात बेसाल्टच्या डोंगरांवरून उतरलेला गाळ साचून शेकडो मीटर जाडीचा झाला. दगडगोटे आणि वाळू पायथ्याशीच थांबली, बारीक चिकणमाती पुढे गेली. 'इथे आधी समुद्र होता' असे गावोगाव ऐकू येते, पण खारेपणासाठी समुद्र लागत नाही. बेसाल्टमधले फेल्डस्पार झिजताना सोडियम आणि कॅल्शियम सुटतात. पाऊस साधारण 700 ते 900 मिमी, उन्हाळा कडक, आणि माती इतकी घट्ट की क्षार धुऊन खाली जात नाहीत. मग कॅल्शियम चुनखडीच्या रूपात बसतो (वावरात दिसणारे पांढरे खडे तेच) आणि मातीच्या कणांवर सोडियम चढत जातो.

पांढऱ्या क्षाराचा थर दिसला तरच जमीन खारी, हा समज इथे फसवतो. पुष्कळ वावरे वरून उत्तम काळी कसदार दिसतात. सोडियममुळे चिकणमातीचे कण एकमेकांना सोडतात, पहिल्या जोरदार पावसात छिद्रे बुजतात आणि पाणी वर तुंबते. वाळल्यावर पापुद्रा धरतो, त्याखाली कपाशीचा कोंब मोडतो, आणि उघाड लांबली की हात जाईल एवढ्या भेगा पडून मुळे तुटतात. म्हणजे एकाच हंगामात पीक चिबडतेही आणि सुकतेही. पारख सोपी आहे. वाळलेले लहान ढेकूळ काचेच्या पेल्यात पावसाच्या पाण्यात न हलवता ठेवावे. तासाभरात भोवती दुधासारखा गढूळपणा पसरला तर माती चोपण. ढेकूळ नुसते फुटून तळाशी बसले आणि पाणी स्वच्छ राहिले, तर तेवढी चिंता नाही.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे बोअरच्या पाण्याचे ओलित. पहिल्या वर्षी हरभरा चांगला येतो, त्यामुळे कास्तकाराचा विश्वास बसतो. पण या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असते. ते मातीतला उरलासुरला कॅल्शियम चुन्यात बांधून टाकते आणि त्याची जागा सोडियम घेतो. म्हणून पाणी तपासताना केवळ एकूण क्षार पाहू नयेत, अवशिष्ट सोडियम कार्बोनेटचा (कॅल्शियम-मॅग्नेशियमला पुरून उरणाऱ्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचा) आकडा मागावा. तो लिटरला 2.5 मिलिइक्विव्हॅलंटच्या वर असेल तर ते पाणी वावरात सोडू नये. तूर, मूग, कपाशी आणि मुरलेल्या ओलीवरचा हरभरा अशी कोरडवाहू शेती इथे टिकली, ती यामुळेच.

जमीन सुधारायला जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, वापरतात; त्यातला कॅल्शियम मातीच्या कणांवरच्या सोडियमची जागा घेतो. वरच्या 15 सेंमी मातीतला दर किलोमागे 1 सेंटिमोल सोडियम हटवायला हेक्टरी पावणेदोन टनांच्या आसपास शुद्ध जिप्सम लागते; नेमकी मात्रा माती परीक्षणावरून ठरवावी. ते मेअखेर-जूनच्या सुरुवातीला पसरून वखराने वरच्या थरात मिसळावे, खोल नांगरून पुरू नये. जिप्सम लिटरभर पाण्यात जेमतेम अडीच ग्रॅम विरघळते. म्हणजे हेक्टरी अडीच टन विरघळायलाच 100 मिमी पाणी मुरावे लागते. रब्बीत टाकलेले जिप्सम म्हणून तसेच पडून राहते. सुटलेला सोडियम बाहेर जायला वाट नसेल तर पैसा वाया. धुऱ्यालगत चर, उताराला धरून रुंद वरंबे आणि सऱ्या आधी, जिप्सम नंतर. धैंचा किंवा बोरू ही हिरवळीच्या खताची पिके; ती फुलोऱ्याच्या सुमारास गाडली तर त्याचा फायदा होतो.

संरक्षित ओलितासाठी (उघाडीत पीक वाचवण्यापुरत्या पाण्यासाठी) पावसाचे पाणी साठवणारे शेततळे हाच भरवशाचा उपाय. चिकणमातीत पाझर कमी असल्याने अनेक ठिकाणी प्लॅस्टिकचे अस्तर लागत नाही. 30 बाय 30 मीटर तोंडाचे, 3 मीटर खोल आणि 1:1 उताराचे तळे सुमारे 2,200 घनमीटर पाणी धरते. हेक्टराला 5 सेंमीची एक पाळी म्हणजे 500 घनमीटर, त्यामुळे बाष्पीभवन वजा जाता तुषार सिंचनाने तीनेक हेक्टरांची एक पाळी निघते. खोदलेली खालची माती जास्त खारी असते, ती वावरात पांगवू नये, बांधालाच लावावी. आणि पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसल्याने चोपण मातीचे कण त्यात अधिकच सुटे होतात. तळ्याच्या ओलितालाही जिप्समची जोड लागते ती त्यामुळे.

पिण्याच्या पाण्याचा प्रश्न वेगळा. पर्यायी स्रोत नसेल तर भारतीय मानकानुसार लिटरला 2,000 मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार चालतात, आणि इथल्या कित्येक विहिरी त्यापलीकडे आहेत. मूत्रपिंडाच्या आजारांच्या तक्रारी या गावांतून वर्षानुवर्षे येतात. अकोट-तेल्हारा भागातली 84 खेडी योजना वान धरणाचे पाणी आणते. जागतिक बँकेच्या साहाय्याने 2018 पासून राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातही खारपाणपट्ट्यातली गावे स्वतंत्रपणे घेतली गेली.

मध्य भारतात 1950 ते 2015 या काळात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना जवळपास तिप्पट झाल्याचे हवामान अभ्यासातून दिसले आहे. चोपण थरात तासाला काही मिलिमीटरच पाणी मुरते. त्यावर एका दिवसात 100 मिमी कोसळला तर बहुतेक पाऊस नाल्याला जातो आणि पुढच्या उघाडीत वावर कोरडेच राहते. चर आणि तळ्यांची मापे जुन्या झडीच्या पावसावर बेतलेली असतील, तर ती आता अपुरी पडतात.