गढूळ पाण्यातून गाळाचे टन कसे काढतात?

पावसाळा सुरू झाला की नळाला गढूळ पाणी येतं आणि घरोघरी तुरटी बाहेर निघते. हा गढूळपणा मोजणारं यंत्र म्हणजे नेफेलोमीटर. काचेच्या छोट्या कुपीत पाणी घेऊन त्यातून प्रकाश सोडतात आणि पाण्यातल्या कणांवर आपटून काटकोनात विखुरलेला प्रकाश मोजतात. आकडा येतो ‘एनटीयू’ या गढूळपणाच्या एककात. भारतीय मानकानुसार पिण्याचं पाणी 1 एनटीयूच्या आत हवं. दुसरा स्रोतच नसेल तर 5 पर्यंत चालवून घेतात. इतक्या नितळ पाण्यात कुपीवरचा बोटाचा ठसासुद्धा आकडा बिघडवतो, म्हणून ती पुसूनच यंत्रात ठेवायची.

नदीचा अभ्यास करणाऱ्याला मात्र एनटीयूवर थांबून चालत नाही. त्याला हवा असतो गाळ, आणि तोही टनांत. इथेच खरी मेख आहे, कारण यंत्र मोजतं प्रकाश, माती नव्हे. बारीक चिकणमाती वजनाला थोडी असली तरी प्रकाश भरपूर विखुरते. तेवढ्याच वजनाची जाड वाळू फारच कमी. त्यामुळे 200 एनटीयू म्हणजे लिटरमागे किती मिलिग्रॅम गाळ, याचं सगळ्या नद्यांना लागू पडेल असं कोष्टक नाही. काळ्या रेगूरातून येणारी नदी आणि कोकणातल्या जांभ्यावरून उतरणारी नदी, दोघींची गणितं वेगळी. प्रत्येक ठिकाणी, पुरात आणि उन्हाळ्यातही, नमुने घ्यायचे, गाळून, वाळवून तोलायचे आणि त्यावरून त्या जागेचं सूत्र बसवायचं. काम कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही.

सूत्र हाती आलं की पुढचा हिशेब साधा. समजा, पुरात सेकंदाला 500 घनमीटर पाणी वाहतंय आणि लिटरमागे 1000 मिलिग्रॅम गाळ आहे. म्हणजे सेकंदाला 500 किलो, दिवसाला 43,200 टन. हीच नदी उन्हाळ्यात 5 घनमीटरवर आली आणि गाळ 10 मिलिग्रॅमवर, तर दिवसाला जेमतेम सव्वाचार टन. पुराच्या एका दिवसात जेवढा गाळ गेला, तेवढा न्यायला उन्हाळ्याचे 10,000 दिवस लागतील! महिन्यातून एकदा बाटली भरून आणणाऱ्याच्या हातून नेमका तो दिवस निसटतो. शिवाय चढत्या पुराचं पाणी ओसरत्या पुरापेक्षा बहुधा जास्त गढूळ असतं, प्रवाह तेवढाच असला तरी. पूर ओसरेपर्यंत सुटी माती आधीच धुऊन गेलेली असते. म्हणूनच दर काही मिनिटांनी नोंद घेणारे संवेदक नदीतच बसवतात. त्यांच्या काचेवर शेवाळ धरतं, तेव्हा ती पुसायला छोटा ब्रशही जोडलेला असतो.

प्रदूषणाचा अंदाजही याच वाटेने येतो. फॉस्फरस, काही कीटकनाशकं आणि विष्ठेतले जीवाणू मातीच्या कणांना चिकटून प्रवास करतात. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लिटल आर्कान्सा नदीवर अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने (यूएसजीएस) 1990 च्या दशकाच्या अखेरीस असे संवेदक बसवले आणि गढूळपणावरून तरंगता गाळ व जीवाणू यांचे अंदाज बांधले. विचिटा शहर ज्या भूजलावर अवलंबून आहे, त्याच्या पुनर्भरणासाठी याच नदीचं पाणी वापरायचं होतं. जीवाणूंच्या चाचणीला एरवी दिवस जातो. इथे अंदाज लगेच मिळतो. अर्थात तो अंदाजच. विरघळलेलं नायट्रेट, आर्सेनिक किंवा मीठ प्रकाश विखुरत नाही, त्यामुळे काचेसारखं स्वच्छ पाणीही विषारी असू शकतं आणि नेफेलोमीटरला त्याचा पत्ता लागत नाही.

आपल्याकडे धरणांतला गाळ मुख्यतः साठवणक्षमतेच्या सर्वेक्षणातून कळतो. नाशिकची ‘मेरी’ म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था उपग्रहचित्रांवरून असे अभ्यास करते. त्यातून काही वर्षांत किती गाळ साचला हे समजतं. पण तो कोणत्या ओढ्याने, कोणत्या पावसात आणला हे समजत नाही. बांधबंदिस्तीचा पैसा कोणत्या पाणलोटात आधी घालायचा हे ठरवायचं, तर ओढ्यांच्या तोंडाशी असे संवेदक आणि सोबत नमुने तोलणारी माणसं, दोन्ही लागतील.