पॉवर सप्लाय ६५० वॅटचा, म्हणून बिल जास्त?

समज असा: कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, म्हणजे पॉवर सप्लाय (एसएमपीएस), ४५० ऐवजी ६५० वॅटचा घेतला की वीजबिल वाढतं.

डब्यावरचा आकडा म्हणजे तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो ती मर्यादा. ओढ मात्र पार्ट्सची. रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर पूर्ण ताणात साधारण ७६ वॅट घेतो, आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड सुमारे १७०. बाकी सगळं धरून ३०० समजा. सप्लायची कार्यक्षमता (घेतलेल्या विजेपैकी पार्ट्सपर्यंत पोचणारा वाटा) ८५ टक्के असेल तर भिंतीतून ३५३ वॅट जातील, सप्लाय ४५०चा असो वा ६५०चा. कार्यक्षमतेतल्या फरकानं आकडा थोडा हलतो, इतकंच.

खात्री करायची तर सॉकेटमध्ये वॅटमीटर लावून गेम चालवा. गेम बंद करून मशीन नुसतं चालू ठेवलं की तोच आकडा धपकन खाली येतो.

पुढे मोठं ग्राफिक्स कार्ड टाकायचं असेल तर ६५० घ्याच. फक्त सप्लायच्या लेबलवरची +१२ व्होल्टची ओळ वाचा, कार्डाला वीज तिथूनच मिळते: ५४ अँपिअर म्हणजे ६४८ वॅट. स्वस्तातल्या ‘५०० वॅट’वर तिथे २५ अँपिअर दिसले तर कार्डाच्या कामाचे ३००च, गेम रंगात आला की मशीन रीस्टार्ट. कार्डाला वीज देणाऱ्या ६+२ पिनच्या दोन केबल आहेत ना, तेही मोजा.