मक्याच्या ढिगातून दुधाच्या चरवीत

सिल्लोड, कन्नड, भोकरदन या पट्ट्यात मक्याची कणसं खुडून ढीग लागतात आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस गाठतो. मग ताडपत्री टाकली जाते. वरचे दाणे कोरडे दिसतात, पण दोन-तीन दिवसांनी ढिगात कोपरापर्यंत हात घातला की ऊब लागते. खुडलेला दाणा मेलेला नसतो. त्यात २० टक्क्यांच्या वर ओल असली की तो श्वास घेत राहतो, त्यातून उष्णता आणि वाफ सुटते आणि ती ताडपत्रीखाली कोंडते. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस या पिवळसर-हिरव्या बुरशीला नेमकं हेच हवं असतं: २५ ते ३५ अंशांची ऊब आणि ओल. ही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते.

दोष एकट्या ढिगाचा नाही. बुरशी मातीतच असते आणि दाणा भरताना पावसाने ओढ दिली, पीक सुकू लागलं की ती कणसात आणि भुईमुगाच्या शेंगेत उभ्या पिकातच शिरते. मराठवाड्याच्या वाट्याला दोन्ही येतं, भरताना खंड आणि काढणीला पाऊस. पहिल्यात बुरशी आत येते, दुसऱ्यात ती माजते.

हे विष उघडकीला आलं ते जनावरांमुळे. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्कीची लाखावर पिल्लं मेली. कारण शोधता शोधता तपास ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपाशी पोहोचला. आपल्याकडे १९७४ मध्ये गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात अवकाळी पावसात भिजलेला मका खाऊन सुमारे ४०० माणसं कावीळ आणि जलोदराने आजारी पडली, त्यांतली शंभरावर दगावली. त्याच घरांतलं अन्न खाणाऱ्या कुत्र्यांनाही तोच आजार झाला होता. एका विषाने माणूस आणि जनावर एकाच वेळी आजारी पडतं, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

थोडं थोडं विष वर्षानुवर्षं पोटात गेलं तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो. हिपॅटायटिस बी झालेल्या माणसात हा धोका सुमारे तीस पटींनी वाढतो. म्हणून बाळाला जन्मतःच आणि पुढे ६, १०, १४ आठवड्यांना मिळणारी हिपॅटायटिस बीची लस हाही या विषावरचाच एक उपाय आहे, जरी तिचा मक्याशी संबंध कुणी सांगत नसलं तरी.

आता गोठ्याकडे येऊ. खराब, किडकी, काळी पडलेली शेंग खायला कुणी ठेवत नाही, ती तेलाला जाते. गाळपात विषाचा बराचसा भाग पेंडीत राहतो आणि तेल रिफाइंड करताना उरलेलाही जवळजवळ निघून जातो. म्हणजे तेल माणसाला, विष गाईला. सरकी पेंडीचं आणि बुरसटलेल्या मक्याच्या भरड्याचंही तसंच. गाय ते खाते, तिचं यकृत अफ्लाटॉक्सिनच्या बी-१ या प्रकाराचं एम-१ या दुसऱ्या प्रकारात रूपांतर करतं आणि त्यातला काही अंश दुधात उतरतो, साधारण १ ते ३ टक्के, भरपूर दूध देणाऱ्या गाईत ६ टक्क्यांपर्यंत.

हिशेब करून पाहा. किलोला ५० मायक्रोग्रॅम विष असलेला खुराक गाईने रोज ४ किलो खाल्ला तर पोटात २०० मायक्रोग्रॅम गेलं. त्याचे २ टक्के, म्हणजे ४ मायक्रोग्रॅम, दुधात आले. गाय ८ लिटर देत असेल तर लिटरला ०.५ मायक्रोग्रॅम. भारताची आणि कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची दुधासाठीची मर्यादा बरोबर एवढीच आहे. युरोपची मर्यादा ०.०५, म्हणजे दहापट कडक. आपल्याकडे पशुखाद्याला किलोमागे २० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. ती पाळली तर याच गाईचं दूध ०.२ वर येतं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या देशव्यापी दूध पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुने ०.५ च्या वर निघाले. याच पाहणीत भेसळीचे नमुने फक्त १२ होते, तरी बातम्यांत आणि कट्ट्यावर आपण भेसळीवरच बोलतो.

दूध उकळून हे विष जात नाही. धाराशिव जिल्ह्यात भूम-वाशीकडे साधारण पाच लिटर दूध आटवून एक किलो खवा होतो, त्यात पाणी जातं आणि विष मागे राहतं. बुरशी धुऊन, पुसून किंवा भाकरी खरपूस भाजूनही फारसं काही साधत नाही, कारण बुरशी मेली तरी तिने सोडलेलं विष दाण्यात असतंच.

कोडेक्स म्हणजे अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी १९६३ पासून चालवलेली अन्नमानकांची व्यवस्था. जागतिक पशुआरोग्य संघटना या दोघींसोबत आधीपासून होती, २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रमही आला आणि चौघांनी मिळून ‘वन हेल्थ’चा, म्हणजे माणूस, जनावर आणि पर्यावरण यांचं आरोग्य एकत्र पाहण्याचा, २०२६ पर्यंतचा कृती आराखडा काढला. विचार रास्त आहे. पण मर्यादांची खरी तपासणी होते ती बंदरावर. थेट खायच्या शेंगदाण्याला युरोपात किलोमागे ४ मायक्रोग्रॅमच चालतात. ज्या मालाची त्यापुढे वाट अडते तो समुद्रात फेकला जात नाही, तो देशातल्याच बाजारात किंवा घाण्यावर वळतो. आयात करणारा देश वाचतो, पिकवणाऱ्याच्या पोरांच्या दुधाला मात्र त्याचा काही आधार नाही. खळ्यापर्यंत पोहोचलेलं सहकार्य वेगळं दिसतं. आफ्रिकेतलं ‘अफ्लासेफ’ तसं आहे: विष न करणाऱ्या त्याच जातीच्या बुरशीचे भाजलेल्या ज्वारीच्या दाण्यांवर लेप देतात आणि फुलोऱ्याआधी दोन-तीन आठवडे हेक्टरी १० किलो शेतात फेकतात. निरुपद्रवी बुरशी जागा अडवते, विषारी मागे पडते. बियाणं नव्हे, वाहन म्हणून ज्वारी!

आपल्या खळ्यावर करण्यासारखं पुष्कळ आहे. मका १२-१३ टक्के ओलीवर आणि भुईमुगाच्या शेंगा ८ टक्क्यांवर आणायच्या. मीटर नसेल तर कोरड्या काचेच्या बाटलीत एक तृतीयांश मका आणि दोन-तीन चमचे पूर्ण कोरडं मीठ घालून मिनिटभर हलवा, पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे. नाही चिकटलं तरी साठवणीला अजून दोन उन्हं द्यावी लागतात, इथेच बहुतेक जण चुकतात. दुसरी चूक म्हणजे दुपारचं तापलेलं धान्य तसंच झाकणं. रात्री ताडपत्रीला आतून घाम सुटतो आणि वरचा थर पुन्हा ओला होतो. आधी धान्य गार होऊ द्यावं. ओला मका मळणीयंत्रात घातला की दाणा फुटतो आणि फुटलेल्या दाण्यात बुरशी सहज शिरते. भुईमुगात सरव्याच्या म्हणजे काढणीनंतर रानात वेचलेल्या, वाळवी लागलेल्या आणि कुदळीने कापलेल्या शेंगा वेगळ्याच ठेवाव्यात. शेंगा फोडणं सोपं व्हावं म्हणून त्यांवर पाणी शिंपडणं तर थेट घातच.

तपासणीला एका पोत्यातली मूठ पाठवून भागत नाही. विष सारखं पसरलेलं नसतं, हजार चांगल्या दाण्यांत एखादाच जहाल असतो. अनेक पोत्यांतून वरून, मधून, खालून परखी (पोत्यात खुपसायची पोकळ सळई) लावून काही किलो माल काढावा, सगळा एकत्र दळावा आणि मगच त्यातला नमुना द्यावा.

मळणीनंतर चाळण लावली की चुरा आणि फुटके दाणे खाली पडतात. विषाचा मोठा वाटा त्यातच असतो आणि तो चुरा हमखास कोंबड्यांना टाकला जातो. तो खड्ड्यात पुरावा. खुराकाचा संशय असेल तर तो लगेच बदलावा. एम-१ दुधात एका दिवसात दिसू लागतं, तसंच खुराक थांबवल्यावर तीन ते पाच दिवसांत ओसरतंही. बेंटोनाइट मातीची विष बांधणारी भुकटी मिळते, तिचा थोडा उपयोग होतो, मात्र बुरसटलेली पेंड खपवायला ती घालू नये.