आधी फंक्शन की आधी ऑब्जेक्ट? मुंबईतल्या प्रोग्रॅमिंग शिक्षणाची पार्श्वभूमी

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जावाच्या प्रॅक्टिकलला बसलेला विद्यार्थी क्लास (माहिती आणि तिच्यावरची कामे एकत्र बांधणारा साचा) लिहितो, ऑब्जेक्ट (त्या साच्यातून घडवलेली वस्तू) तयार करतो, तरी त्याचा प्रोग्रॅम बहुतेक वेळा सी या क्लास नसलेल्या भाषेच्या वळणाचाच असतो. सगळे काम मेनमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम जिथून सुरू होतो त्या फंक्शनमध्ये (नाव दिलेल्या कामाच्या तुकड्यात), आणि भोवती नावापुरता क्लास. ‘मुलांना कन्सेप्ट कळत नाहीत’ असे स्टाफरूममध्ये सहज म्हटले जाते. पण ऑब्जेक्टचा हा विषय त्यांच्यापर्यंत कोणत्या क्रमाने, कोणत्या कंपायलरवर (लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनावर) आणि कसल्या प्रश्नपत्रिकेतून पोहोचला हे पाहिले, की दोष मुलांचा फार थोडा उरतो.

मुंबईला संगणक जुनाच. कुलाब्याच्या संशोधन संस्थेत देशी बनावटीचे यंत्र १९६० मध्ये पूर्ण स्वरूपात सुरू झाले; ४० बिटांचे २०४८ शब्द एवढी त्याची मेमरी. क्लास आणि ऑब्जेक्ट ही जोडी नंतरची. ओस्लोमध्ये सिम्युला ६७ या भाषेत ती आकाराला आली, सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियात स्मॉलटॉकने ती शेवटपर्यंत नेली, १९७९ मध्ये सीला क्लासची जोड देण्याचे काम सुरू झाले आणि १९८५ मध्ये सी++ बाजारात आली. आपल्या कॉलेजांच्या लॅबशी या सगळ्याचा संबंध आला तो नव्वदच्या दशकात, टर्बो सी++ या कंपायलरच्या निळ्या पडद्यावरून.

टर्बो सी++ १९९० चा. सी++ चे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ चे. म्हणजे प्रमाण ठरण्याआधीची भाषा लॅबमध्ये रुजली आणि पुढे कितीतरी वर्षे तीच शिकवली गेली. त्यात नेमस्पेस (नावांचे गट) नाही, बूल (खरे-खोटे साठवणारा प्रकार) नाही, एक्सेप्शन (चूक पकडण्याची सोय) नाहीत. व्हॉइड मेन, स्क्रीन पुसायला सीएलआरएससीआर आणि शेवटी गेटसीएच, असा साचा हाताला बसला. घरी नव्या कंपायलरवर तोच प्रोग्रॅम टाकला की पहिल्याच ओळीला ‘आयओस्ट्रीम डॉट एच’ ही हेडर फाइल सापडत नाही म्हणून एरर. इंट हा पूर्णांकाचा प्रकारही १६ बिटांचा, त्यामुळे ३२७६७ च्या वर मजल नाही. ७ चे फॅक्टोरियल ५०४० बरोबर येते आणि ८ चे ४०३२० यायच्या जागी उणे २५२१६ छापले जाते. लॉजिक बरोबर असूनही मुले लूप तपासत बसतात. ६४ बिटी विंडोजवर १६ बिटी प्रोग्रॅम चालत नाहीत. तेव्हाही टर्बो गेला नाही, डॉसबॉक्स या जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये घालून चालवला गेला. तयार जर्नले, तयार नोट्स आणि तीच हेडर फाइल अपेक्षित धरणारी उत्तरपत्रिका तपासणी, या तिघांनी तो टिकवला.

आता वादाचा मुद्दा. २०१२ च्या अभ्यासक्रम-फेररचनेआधी मुंबई विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगला पहिल्याच वर्षी प्रोग्रॅमिंगचे दोन पेपर होते आणि दुसऱ्या सेमच्या पेपरात जावा होती. फेररचनेत पहिल्या वर्षाला सीवर आधारित स्ट्रक्चर्ड प्रोग्रॅमिंग तेवढे राहिले. ऑब्जेक्टचा विषय तिसऱ्या सेममध्ये गेला, तोही काही शाखांपुरता. सिव्हिल आणि मेकॅनिकलच्या मुलांची क्लासशी गाठच पडेनाशी झाली.

या बदलाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे पोकळ नव्हते. पहिले वर्ष सगळ्या शाखांना समान असते. तिथे जावात दोन संख्या वाचून बेरीज छापायची, तर कीबोर्डवरून वाचणारा स्कॅनर हा तयार क्लास २००४ मध्ये येईपर्यंत बफर्डरीडर, त्याच्या पोटात इनपुटस्ट्रीमरीडर, मेनला थ्रोज आयओएक्सेप्शन आणि वाचलेल्या ओळीवर पार्सइंट एवढे लिहावे लागे. ऑब्जेक्ट म्हणजे काय हे सांगण्याआधी दोन ऑब्जेक्ट तयार करायला लावायचे आणि ‘हे सध्या पाठ करा’ म्हणायचे. स्कॅनर आल्यावरही जुन्या नोट्समधून बफर्डरीडर हलला नाही; शिवाय स्कॅनरची स्वतःची खोच आहेच. नेक्स्टइंटनंतर लगेच नेक्स्टलाइन मागितली तर मागे राहिलेला एंटर उचलला जातो आणि नाव रिकामे येते.

विरुद्ध बाजूचे म्हणणे वेगळे होते. वर्षभर फंक्शन आणि ग्लोबल व्हेरिएबलवर घडलेला हात पुढे क्लासही त्याच वळणाने लिहितो, म्हणून ऑब्जेक्ट आधी यावा. जगातही हा तंटा ताजाच होता. अमेरिकेतल्या दोन व्यावसायिक संघटनांच्या २००१ च्या आराखड्यात सुरुवातीचे सहा मार्ग मांडले होते, त्यांत ‘ऑब्जेक्ट आधी’ आणि ‘आज्ञा आधी’ हे दोन शेजारी शेजारी होते. आपल्याकडे मात्र चर्चा पटकन ‘मुलांना जड जाते’ आणि ‘केटी (नापास विषय) वाढतात’ यावर आली. ऑब्जेक्ट पुढे ढकलण्याचा निर्णय समान पहिल्या वर्षासाठी रास्त होता असे आमचे मत आहे. पण सीमधून जावात उतरताना मध्ये जो पूल लागतो, तो कोणत्याच सेमच्या वाट्याला आला नाही, आणि नुकसान तिथे झाले.

तो पूल नसला की काय होते ते बँक खात्याच्या प्रोग्रॅममध्ये दिसते. हा प्रयोग जवळपास प्रत्येक जर्नलात असतो. बॅलन्स हे फील्ड (ऑब्जेक्टमध्ये साठवलेली माहिती), डिपॉझिट ही मेथड (क्लासमधले फंक्शन) आणि मेन हे सगळे एकाच क्लासमध्ये. सीच्या सवयीने मेनमधून थेट डिपॉझिटला हाक मारली जाते. मेन स्टॅटिक, म्हणजे ऑब्जेक्टशिवाय चालणारे, डिपॉझिट तसे नाही, म्हणून कंपायलर अडवतो. मुलगा डिपॉझिटला स्टॅटिक लावतो. आता तीच तक्रार बॅलन्सबद्दल येते, तिथेही स्टॅटिक. प्रोग्रॅम कंपाइल होतो, एका खात्यावर आउटपुटही बरोबर येते, जर्नलवर सही होते. दुसरे खाते उघडले तरच घोटाळा कळतो. पहिल्यात ५००० आणि दुसऱ्यात ८०० घालून दोन्ही छापा, दोन्हीकडे ५८०० येतात, कारण स्टॅटिक फील्ड सगळ्या ऑब्जेक्टमध्ये मिळून एकच असते. उपाय साधा आहे. मेन वेगळ्या क्लासमध्ये ठेवायचे, त्यात ‘न्यू’ या शब्दाने खाती तयार करायची आणि मेथड त्या खात्यावर चालवायची. प्रयोगाच्या विधानातच ‘किमान तीन खाती’ असे लिहिले तर ही चूक लपूच शकत नाही.

बारावीला बायफोकल कॉम्प्युटर सायन्स घेतलेल्यांची अडचण उलटी. २०० गुणांच्या त्या विषयात ८०८५ या मायक्रोप्रोसेसरच्या जोडीला सी++ आणि क्लास आधीच झालेले असतात, त्यामुळे लॅबमध्ये ही मुले पुढे वाटतात. तंत्रनिकेतनातून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्या कॉम्प्युटर डिप्लोमाच्या मुलांचाही सी आणि सी++ असाच प्रवास झालेला असतो. सी++ मध्ये तीन खात्यांचा ॲरे (क्रमवार यादी) घोषित केला की तीनही खाती कन्स्ट्रक्टरसह (ऑब्जेक्ट घडताना चालणाऱ्या मेथडसह) तयार होतात. जावात न्यू लावून तीनचा ॲरे केला तर तीन रिकाम्या जागा मिळतात. पहिल्याच डिपॉझिटला नलपॉइंटर एक्सेप्शन, म्हणजे रिकाम्या जागेला काम सांगितल्याचा एरर. एक खाते दुसऱ्याला असाइन केले तर सी++ मध्ये प्रत निघते, जावात दोन्ही नावे एकाच खात्याकडे बोट दाखवू लागतात. आधी शिकलेले इथे आडवे येते, आणि हा फरक वर्गात फळ्यावर चौकटी काढून दाखवण्याला अर्धा तास पुरतो.

२०१९ च्या योजनेत कॉम्प्युटर शाखेला जावाचा ऑब्जेक्टचा विषय लॅब-कोर्स झाला, लेखी पेपर गेला, आणि पुढच्या सेमला पायथॉनची लॅब आली. लेखी पेपरातले ‘अॅब्स्ट्रॅक्शन आणि एन्कॅप्सुलेशनमधला फरक पाच मुद्द्यांत’ सुटले, हे चांगलेच झाले. पण फरकांचे तेच तक्ते व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) शिरले. जर्नलांमधल्या ॲप्लेटच्या (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या छोट्या जावा प्रोग्रॅमच्या) प्रयोगाची गत वेगळी झाली. २०१७ मध्ये जावा ९ ने ॲप्लेट कालबाह्य ठरवले आणि वर्षभरात जावा ११ मधून ते चालवून दाखवणारा ॲप्लेटव्ह्यूअर काढूनच टाकला. लॅबमध्ये नवी जावा बसवली की तो प्रयोग चालण्याचा प्रश्नच उरला नाही.

विज्ञान शाखेच्या कॉलेजांत क्रम निराळा. २०१६-१७ च्या अभ्यासक्रमात बीएस्सी आयटीला पहिल्या सेममध्ये सी, दुसऱ्यात सी++, तिसऱ्यात पायथॉन आणि चौथ्यात जावा अशी शिडी होती, तर बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला थेट पायथॉनने सुरुवात. पायथॉनमध्ये फील्डला बाहेरून हात लावू न देणारा प्रायव्हेट हा शब्दच नाही, दोन अंडरस्कोअर लावले तर नाव आतल्या आत बदलते एवढेच. मेथडमध्ये सेल्फ (त्या ऑब्जेक्टचा स्वतःचा उल्लेख) लिहायचा राहिला तर ‘शून्य आर्ग्युमेंट घेते, एक दिले’ असा एरर येतो आणि मुले कंसात काहीबाही घालू लागतात. स्टॅटिकची चूक इथेही वेष बदलून येते. व्यवहारांची यादी कन्स्ट्रक्टरमध्ये न करता क्लासच्या अंगात लिहिली, की एका खात्याचे व्यवहार सगळ्या खात्यांत दिसतात.

सप्टेंबर २०२५ च्या जावा २५ मध्ये छोट्या प्रोग्रॅमला क्लासची चौकट आणि पब्लिक स्टॅटिक या दोन्हींची सक्ती राहिली नाही. पहिल्या वर्षाला जावा नको म्हणण्याचे २०१२ मधले एक भक्कम कारण त्यामुळे गेले. बेरजेच्या प्रोग्रॅमने सुरुवात करून त्याच भाषेत, त्याच सेममध्ये पहिल्या क्लासपर्यंत पोहोचता येते. अभ्यास मंडळाने पुढच्या फेररचनेत हा क्रम दोन-तीन कॉलेजांत एक सेम चालवून पाहावा, आणि त्या सेमला प्रॅक्टिकलच्या परीक्षेत एकाच क्लासची तीन ऑब्जेक्ट मागावीत.